‘ड्रिंक’ वापरताना आधी कर्म शोधा

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. ‘डू यू ड्रिंक?’ असं विचारल्यावर तुम्ही ‘येस, डेली टू टाइम्स’ म्हणालात, मनात चहा होता, आणि समोरचे चमकले. ते का? ड्रिंक, ड्रँक, ड्रंक यांतलं कुठलं रूप कुठे? औषध, सूप, सिगारेट यांना ‘ड्रिंक’ चालतं का? आणि ‘बाळाला दूध पाजलं’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

पहिल्या प्रश्नाचं मूळ बहुतेकांना वाटतं तिथे नाही. ‘ड्रिंक म्हणजे दारू पिणे असाही एक अर्थ आहे, तो पाठ करा’ असं सांगून भागत नाही, कारण तो अर्थ मराठीतही आहेच. ‘तो पितो’ असं नुसतं म्हटलं तर पाण्याचा विचार कुणाच्याही मनात येत नाही. ‘पिऊन आलाय’ म्हणजे काय पिऊन, हे कुणी विचारत नाही. तेव्हा हा अर्थ तुम्हाला नवा नाही. अडचण होते ती मराठीच्या एका सवयीमुळे: समोर दिसणारी गोष्ट आपण वाक्यात बोलत नाही. कप पुढे करून आपण म्हणतो, ‘पी ना.’ उत्तर येतं, ‘पितो.’ किंवा ‘नको, आत्ताच प्यायलो.’ यात चहा हा शब्द कुठेच नाही आणि तरी सगळं स्पष्ट आहे. इंग्रजीत मात्र ‘ड्रिंक’चं कर्म असं सहज गाळता येत नाही. ते गाळलंत की ऐकणारा ती रिकामी जागा दारूने भरतो. ‘नको, आत्ताच प्यायलो’ याचं शब्दशः ‘नो, आय जस्ट ड्रँक’ केलंत, की तुम्ही नुकतेच दारू पिऊन आलात असं ऐकू येऊ शकतं. ‘आय जस्ट हॅड सम’ म्हणा, किंवा ‘आय जस्ट हॅड टी’. ‘पितो, ठेव’ याचं ‘आयल ड्रिंक इट’. तो छोटासा ‘इट’ मराठी माणसाला फालतू वाटतो, पण सगळा भार त्याच्यावर असतो.

म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी हाच असतो: ‘ड्रिंक’ तोंडातून बाहेर पडण्याआधी त्याचं कर्म तयार ठेवा. ‘आय डोन्ट ड्रिंक’ म्हणजे मी दारू पीत नाही. ‘आय डोन्ट ड्रिंक कॉफी’ म्हणजे मी कॉफी पीत नाही. ‘ही ड्रिंक्स’ हे वाक्य तर आणखी पुढे जातं. आवाजाच्या ढंगाप्रमाणे त्याचा अर्थ ‘त्याला दारूचं व्यसन आहे’ इथपर्यंत पोचतो. ‘ड्रिंकर’चंही तेच. ‘हेवी ड्रिंकर’ म्हणजे भरपूर दारू पिणारा, पण ‘कॉफी ड्रिंकर’ला काही धोका नाही, कारण कर्म आधीच जोडलेलं आहे.

हा नियम सरसकट लावू नका, त्याला तीन पळवाटा आहेत. पहिली: ‘ईट’ शेजारी असेल तर ‘ड्रिंक’ सगळ्या पेयांना लागू होतं. ‘नो ईटिंग ऑर ड्रिंकिंग’ अशी पाटी ग्रंथालयात असेल, तर पाण्याची बाटलीसुद्धा उघडायची नाही. दुसरी: पिणारा दारू पिणार नाही हे उघड असेल तर. ‘द बेबी इजन्ट ड्रिंकिंग’ म्हणजे बाळ दूध पीत नाहीये. आजारी मांजराबद्दल ‘शी इजन्ट ड्रिंकिंग’ म्हणजे ती पाण्याला तोंड लावत नाहीये. तिसरी: ‘समथिंग’, ‘एनिथिंग’, ‘नथिंग’ यांपैकी काही असेल तर तेच कर्माची जागा घेतं आणि अर्थ पुन्हा ‘कुठलंही पेय’ असा होतो. यातला फरक तपासणीआधी मिळालेल्या सूचनेत फार महत्त्वाचा ठरतो. ‘डोन्ट ड्रिंक द नाइट बिफोर’ म्हणजे आदल्या रात्री दारू नको. ‘डोन्ट ड्रिंक एनिथिंग आफ्टर मिडनाइट’ म्हणजे मध्यरात्रीनंतर पाणीही नको, जोवर ‘एक्सेप्ट वॉटर’ असं वेगळं लिहिलेलं नाही. एका शब्दाने सूचना बदलते. शंका आली तर लाजू नका, ‘कॅन आय ड्रिंक वॉटर?’ असं विचारून घ्या.

डॉक्टर ‘डू यू स्मोक ऑर ड्रिंक?’ विचारतात तेव्हा प्रश्न दारूचाच असतो. पीत नसाल तर ‘नो, आय डोन्ट’ एवढं पुरे. क्वचित पीत असाल तर ‘ओकेजनली’. त्यापुढचा ‘हाउ मच डू यू ड्रिंक?’ हाही दारूच्या प्रमाणाबद्दलच असतो. पाण्याबद्दल विचारायचं असेल तर ते ‘हाउ मच वॉटर’ असं पाण्याचं नाव घेऊन विचारतील.

नाम म्हणून येणारं ‘ड्रिंक’ थोडं मोकळं आहे, पण तिथेही कान उघडे ठेवावे लागतात. ‘लेट्स गो फॉर अ ड्रिंक’ म्हणजे बहुधा दारू. ‘अ ड्रिंक ऑफ वॉटर’ म्हणजे पाणी. ‘सॉफ्ट ड्रिंक’, ‘हॉट ड्रिंक’ यांत विशेषणानेच निकाल लावलेला असतो. पाहुण्याला काय हवं हे माहीत नसताना सर्वांत निर्धोक वाक्य म्हणजे ‘वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक?’ यात पाण्यापासून सगळं येतं आणि कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

इथेच ‘चहा पिणार का?’चा विषय संपवू. ‘विल यू ड्रिंक टी?’ व्याकरणात बसतं, पण आग्रहाचा ओलावा त्यात नाही. माहिती गोळा करत असल्यासारखं ते वाटतं. ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणा. उत्तर देताना ‘आयल हॅव टी, प्लीज.’ मराठीत आपण ‘चहा घेणार?’ असंही म्हणतोच. जिथे तुमच्या तोंडी ‘घेणे’ सहज येईल तिथे इंग्रजीत ‘हॅव’ जवळपास नेहमी चालतं. ‘हॅव’मुळे ‘ड्रिंक’चे निम्मे गोंधळ होतच नाहीत.

आता रूपं. ‘ड्रिंक’ वर्तमानात आणि ‘डिड’, ‘विल’, ‘कॅन’ यांच्यामागे. ‘ड्रँक’ साध्या भूतकाळात. ‘ड्रंक’ ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांच्यासोबत. पाठ असूनही ऐन वेळी चुकतं, म्हणून एक चाचणी ठेवा: त्याच वाक्यात खाण्याचं क्रियापद घालून बघा. जिथे ‘एट’ बसतं तिथे ‘ड्रँक’, जिथे ‘ईटन’ बसतं तिथे ‘ड्रंक’. ‘आय एट ॲट नाइन’, म्हणून ‘आय ड्रँक इट ॲट नाइन’. ‘आय हॅव ईटन’, म्हणून ‘आय हॅव ड्रंक इट’. ‘डिड यू ईट?’ असतं, ‘डिड यू एट?’ नसतं, म्हणून ‘डिड यू ड्रँक?’ चूक.

याच चालीची क्रियापदं एकत्र पाठ केली तर जास्त टिकतात: सिंग–सँग–संग, रिंग–रँग–रंग, स्विम–स्वॅम–स्वम, बिगिन–बिगॅन–बिगन, सिंक–सँक–संक. जर्मनमध्येही ट्रिंकन–ट्रांक–गेट्रुंकन अशीच चाल आहे, कारण हे शब्द एकाच जुन्या कुळातले आहेत. मात्र कानाला सारखं वाटलं म्हणून कुठल्याही क्रियापदाला ही चाल लावू नका. ‘थिंक’चं ‘थॉट’ होतं, ‘ब्रिंग’चं ‘ब्रॉट’. ‘ब्लिंक’ आणि ‘लिंक’ तर साधी ‘-एड’वाली आहेत. ‘क्लिंग’ आणि ‘स्विंग’ यांना मधलं ‘ॲ’चं रूपच नाही, भूतकाळातही ‘क्लंग’, ‘स्वंग’.

‘आय हॅव ड्रँक’ तुम्हाला इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या तोंडूनही ऐकू येईल. ‘ड्रंक’ म्हटलं की दारू आठवते, म्हणून ते टाळण्याकडे कल असतो, हे त्यामागचं एक कारण. बोलण्यात ते खपून जातं. परीक्षेत आणि लिहिताना मात्र ‘हॅव ड्रंक’च लिहा.

मराठी माणसाची सर्वांत महागडी चूक यापेक्षा वेगळी आहे. ‘मी पाणी प्यायलो आहे’ यातल्या ‘आहे’चं आपण ‘ॲम’ करतो आणि वाक्य होतं ‘आय ॲम ड्रंक वॉटर’. ‘मी आलो आहे’चं ‘आय ॲम कम’ होतं तेही याच वाटेने, पण तिथे वाक्य फक्त चुकतं. इथे त्याचा अर्थच फिरतो, कारण ‘आय ॲम ड्रंक’ हे स्वतंत्र, बिनचूक वाक्य आहे आणि त्याचा अर्थ ‘मला चढली आहे’. मराठीतही ही जोडी आहे: ‘तो दूध प्यायला आहे’ आणि ‘तो प्यायलेला आहे’. पहिल्यात काम पूर्ण झालं, दुसऱ्यात माणसाची अवस्था सांगितली. इंग्रजीत पहिल्याला ‘हॅज’ लागतं, दुसऱ्याला ‘इज’. बोलताना दोन्हींचं आखडून ‘हीज’ होतं, आणि मग ‘हीज ड्रंक’ नुसतं ऐकलं तर तो नशेत आहे, पण ‘हीज ड्रंक द मिल्क’ ऐकलं तर त्याने दूध संपवलं आहे. पुन्हा बघा, निकाल कर्मानेच लावला.

‘इज’सोबतचं ‘ड्रंक’ वस्तूबद्दल असेल तर ते साधं कर्मणी रूप असतं आणि पूर्ण बरोबर असतं: ‘ग्रीन टी इज यूज्वली ड्रंक विदाउट मिल्क.’ माणसाबद्दल असेल तर नशा. ‘ड्रंकन’ हे रूप नामाच्या आधी येतं, ‘अ ड्रंकन मॅन’. ‘ही इज ड्रंकन’ असं आज कुणी म्हणत नाही. गाडीच्या बाबतीत ब्रिटिश ‘ड्रिंक-ड्रायव्हिंग’ म्हणतात आणि अमेरिकन ‘ड्रंक ड्रायव्हिंग’. दोन्ही बरोबर, फक्त एका मजकुरात एकच ठेवा.

काळाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण मराठीचं ‘पितो’ फार कामं करतं. ‘मी रोज कॉफी पितो’ ही सवय झाली. ती ‘आय ड्रिंक कॉफी’. ‘ठेव, पितो मी’ यात ‘पितो’ म्हणजे थोड्या वेळाने पिणार. ते ‘आयल ड्रिंक इट’. हातात कप असताना ‘पितोय’ म्हणतो. ते ‘आयम ड्रिंकिंग इट’. इथेही कर्म विसरलात तर ‘आयम नॉट ड्रिंकिंग टुनाइट’ म्हणजे ‘आज मी दारू घेणार नाही’. ‘स्टॉप’सोबत तर विशेष जपा. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग’ म्हणजे त्याने दारू सोडली. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक सम वॉटर’ म्हणजे चालता चालता तो पाणी प्यायला थांबला.

औषधाला ‘टेक’. पातळ असलं तरी ‘टेक द सिरप’, ‘टेक टू स्पूनफुल्स’. चमच्याने मोजून घ्यायच्या गोष्टीला ‘ड्रिंक’ जड होतं. पावडर ग्लासभर पाण्यात विरघळवून घ्यायची असेल तर सूचनेतच ‘ड्रिंक’ दिसेल, कारण तिथे खरोखर ग्लास तोंडाला लावायचा असतो. सुपाचं भांड्यावर ठरतं: वाटीतून चमच्याने असेल तर ‘ईट सूप’, कपातून ओठ लावून असेल तर ‘ड्रिंक सूप’. दोन्ही चुकवायचं असेल तर ‘हॅव सूप’. बिडी-सिगारेट मराठीत आपण ओढतो आणि पितोही. इंग्रजीत फक्त ‘स्मोक’. झाडाने पाणी शोषलं तर ‘ॲब्सॉर्ब’ किंवा ‘टेक अप’. ‘ड्रिंक’ तिथे अलंकारिक होतं. गाडी पेट्रोल पिते ही आपली तक्रार मात्र इंग्रजीतही तशीच करता येते, फक्त ‘ड्रिंक’पेक्षा ‘गझल’ जास्त ऐकू येतं: ‘इट गझल्स पेट्रोल.’

‘पाजणे’ हा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे इंग्रजीत सरळ जोड नाही. आपल्याकडे ‘पिणे’वरून ‘पाजणे’ तयार झालं आणि एका शब्दात काम होतं. इंग्रजीतही कधीकाळी तसा शब्द होता: ‘ड्रेंच’. मुळात तो ‘ड्रिंक’चंच प्रयोजक रूप, म्हणजे ‘प्यायला लावणे’. आज त्याचा रोजचा अर्थ ‘चिंब भिजवणे’ असा झाला आहे. जनावरांच्या घशात औषध ओतण्याला मात्र पशुवैद्यक अजून ‘ड्रेंच’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात तो जुन्या अर्थाने वापरता येत नाही, त्यामुळे वेगवेगळे मार्ग घ्यावे लागतात.

बाळाला दूध पाजणे म्हणजे ‘फीड द बेबी’. अंगावर पाजत असेल तर ‘ब्रेस्टफीड’ किंवा ‘नर्स’, बाटलीने असेल तर ‘बॉटलफीड’. घोड्याला किंवा गुरांना पाणी पाजणे म्हणजे ‘वॉटर द हॉर्सेस’, ‘वॉटर द कॅटल’. झाडांना पाणी घालतानाही हेच क्रियापद. माणसाला मात्र ‘वॉटर’ करता येत नाही. तिथे ‘गिव्ह हिम सम वॉटर’ किंवा ‘गिव्ह हिम समथिंग टू ड्रिंक’. आजारी माणूस नको म्हणत असताना समजावून दोन घोट पाजले, तर ‘आय गॉट हिम टू ड्रिंक अ लिटल वॉटर’. इथे शिकणारे हमखास ‘आय मेड हिम ड्रिंक’ म्हणतात. ‘मेक’मध्ये बळजबरी आहे, प्रेमाने पाजलेलं पाणी त्यामुळे जबरदस्तीने घशात ओतल्यासारखं वाटतं. आणि ‘आय ड्रँक द बेबी मिल्क’ असं तर कधीच म्हणू नका. त्यात बाळाचं दूध तुम्हीच पिऊन टाकलेलं असतं.

शब्दयोगी अव्ययांचं थोडक्यात. आपण ‘ग्लासात पाणी पितो’, म्हणून ‘ड्रिंक इन अ ग्लास’ तोंडात येतं. इंग्रजीत ‘ड्रिंक फ्रॉम अ ग्लास’; बाटलीला ‘फ्रॉम’ किंवा ‘आउट ऑफ’; स्ट्रॉला ‘थ्रू’, कारण पेय नळीतून येतं. ‘इन’ जोडलं की वेगळंच क्रियापद होतं: ‘ड्रिंक इन द व्ह्यू’ म्हणजे समोरचं दृश्य डोळे भरून पाहणे. ‘ड्रिंक अप’ म्हणजे ग्लासातलं संपवून टाक. मुलांना दूध संपवायला सांगताना हे अगदी नैसर्गिक वाटतं आणि इथे कर्म नसलं तरी दारूचा वास येत नाही. ‘ड्रिंक टू’ म्हणजे कुणाच्या नावाने किंवा कुणाच्या सुखासाठी पेला उंचावणे.

पिण्याच्या तऱ्हा सांगायच्या असतील तर क्रियापद बदला, ‘ड्रिंक’ला क्रियाविशेषणं चिकटवू नका. ‘ड्रिंक लिटल लिटल’ असं म्हणायला जाण्यापेक्षा ‘सिप’. घटाघटा म्हणजे ‘गल्प’. फुरके मारत म्हणजे ‘स्लर्प’. हा शब्द आवाजाचा आहे आणि त्यात नाराजी असू शकते, तेव्हा यजमानासमोर जपून. मांजर-कुत्र्याने जिभेने लपलप पिणे म्हणजे ‘लॅप’, बहुधा ‘लॅप अप’. एका दमात ग्लास रिकामा करणे म्हणजे ‘डाउन’, पण त्याला कर्म लागतंच: ‘ही डाउन्ड द ग्लास’.

शेवटी उच्चार, कारण रूपं बरोबर निवडूनही ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. ‘ड्रिंक’मधला अनुस्वार मराठीसारखाच म्हणा, ‘क’च्या आधी तो आपोआप ‘ङ्’ होतो, ‘अंक’मध्ये होतो तसा, आणि इंग्रजीला नेमका तोच हवा असतो. इथे मराठी माणसाला कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते ‘ड्रँक’ आणि ‘ड्रंक’ वेगळे ठेवण्यात. घाईत दोन्हींचं ‘ड्रंक’ होतं आणि भूतकाळ ऐकूच येत नाही. ‘बॅट’ म्हणताना जबडा जेवढा खाली जातो तेवढा ‘ड्रँक’ला जायला हवा, ‘ड्रंक’ला ‘बस’मधल्या ‘अ’एवढंच तोंड उघडतं. आरशासमोर ‘आय ड्रँक इट’ आणि ‘आयव्ह ड्रंक इट’ ही दोन वाक्यं आलटून पालटून म्हणा. पहिल्या वाक्यात हनुवटी ठळकपणे खाली जाताना दिसली नाही, तर तो ‘ॲ’ अजून निघालेला नाही.